परतलेल्याची ओळख : भाऊसाहेबांचा तोतया आणि राज्यकारभारातील एक जुना प्रश्न

युद्ध संपले की राज्यकर्त्यांपुढे पहिले काम येते ते हिशेबाचे. किती पडले, किती जखमी झाले, किती परत आले, हे तीन रकाने कोणत्याही काळातल्या दप्तरात सापडतात. चौथा रकाना मात्र सहसा शेवटी आणि नाइलाजाने आखला जातो. तो म्हणजे बेपत्तांचा. मेलेल्याच्या मागे वारस असतो, त्याला वतन किंवा निवृत्तिवेतन देऊन प्रकरण मिटवता येते. परतलेल्याला पुन्हा कामावर रुजू करून घेता येते. बेपत्ता माणसाचे यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून प्रत्येक राज्यव्यवस्था काही काळ वाट पाहते आणि मग त्याला मृत मानून मोकळी होते. व्यवहारासाठी ते आवश्यकही आहे. अडचण उभी राहते ती असा मृत मानलेला माणूस एके दिवशी आपणहून दारात येऊन 'मी आलो आहे' असे म्हणतो तेव्हा.

महाराष्ट्राबाहेर दीर्घकाळ शासकीय सेवेत राहिल्यामुळे हयातीचे दाखले, वारसनोंदी आणि ओळख पटवण्याची प्रकरणे माझ्या टेबलावरून पुष्कळ गेली. त्यांचा विचार करताना मला वारंवार आठवते ते आपल्याच इतिहासातले एक प्रकरण. मराठी माणसाने ते बहुधा शाळेत ऐकलेले असते किंवा न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे त्याला ते ठाऊक असते. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण आपण आजवर फसवणुकीची रंजक कथा म्हणून वाचत आलो. ते प्रशासनाचे प्रकरण म्हणूनही वाचण्यासारखे आहे.

पानिपतानंतरचा चौथा रकाना

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. पानिपतच्या रणांगणावर विश्वासराव गोळी लागून पडल्यानंतर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांचे काय झाले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि पुण्यास येऊन निःसंदिग्धपणे सांगू शकेल असा माणूस मराठ्यांच्या बाजूला उरला नाही. त्या दिवसाने 'भाऊगर्दी' हा शब्द मराठीला दिला. त्या शब्दातच अडचण सामावलेली आहे, कारण गर्दीत कोण कुठे गेले हे कोणी सांगावे?

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढे सुमारे दोन दशकांनी फारसीत लिहिलेल्या वृत्तांतात भाऊंच्या प्रेताची ओळख कशी पटवली ते नोंदवले आहे. शिर नसलेले एक धड सापडले. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफरखानाच्या कटारीच्या जुन्या जखमेची खूण, पायावर शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा आणि रोज घातलेल्या शेकडो सूर्यनमस्कारांमुळे हातांना व गुडघ्यांना पडलेले घट्टे, अशा खुणांवरून ते धड भाऊंचे ठरले. शिर पुढे एका दुराणी शिपायाजवळ सापडले आणि अंत्यसंस्कार झाले. आजच्या कोणत्याही पंचनाम्यात शोभावी अशी ही नोंद आहे. परंतु ती झाली शत्रूच्या छावणीत. पुण्याच्या दरबारापाशी होत्या त्या ऐकीव बातम्या आणि हुंड्या-पत्रांतून आलेले तर्क. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर त्यांच्यासोबत होत्या. त्या जिवंत परतल्या आणि त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. पती गेल्याचा पुरावा नाही, मग कुंकू कशासाठी पुसायचे, ही त्यांची भूमिका होती आणि दरबाराने ती मानली. म्हणजे राज्याच्या दृष्टीने भाऊसाहेब मृत होते, राज्यकारभार त्यांच्यावाचून चालू झालेला होता, आणि शनिवारवाड्यात मात्र त्यांची पत्नी सौभाग्यवती म्हणून वावरत होती. ही विसंगती कोणाच्या दुष्टपणातून आलेली नव्हती. ती दयेतून आलेली होती. तथापि दयेने उघडा ठेवलेला दरवाजा कोणासाठी उघडा राहील, हे ठरवणे दया दाखवणाऱ्याच्या हाती नसते.

तोतयाचा उदय

पानिपतानंतर तीन-चार वर्षांत बुंदेलखंडाच्या बाजूला एक मनुष्य आपण भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. तो कनोजी ब्राह्मण होता, त्याचे नाव सुखलाल किंवा सुखनिधान असे सांगतात. रूपाने तो भाऊंसारखा दिसत असे म्हणतात. त्याच्याभोवती माणसे जमली. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून आणले, चौकशी झाली, त्याने आपली खरी ओळख कबूल केली आणि त्याची रवानगी कैदेत झाली. जनकोजी शिंद्यांचाही एक तोतया याच काळात निघाला होता. तेव्हा हे प्रकरण एकटे नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. खोटा ठरलेल्या या माणसाला देहान्त शासन झाले नाही. त्याला वेगवेगळ्या किल्ल्यांवर ठेवत ठेवत अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यात आणले गेले. निर्णय झाला, पण तो गडाच्या आत बंद राहिला. सामान्य रयतेपुढे 'हा अमुक गावचा अमुक' असे ठामपणे मांडले गेले नाही. कैदी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या निष्ठेवर सारे अवलंबून राहिले. प्रशासनात काम केलेल्यांना हा प्रकार अनोळखी नाही. अडचणीचा कागद निकाली न काढता सुरक्षित कपाटात ठेवला की तो संपला, असे आपल्याला वाटते. कपाटाची किल्ली मात्र फिरत राहते.

१७७६ साली तसेच झाले. नारायणरावांचा खून १७७३ मध्ये झालेला होता. सवाई माधवराव जेमतेम दोन वर्षांचे होते. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले होते आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला होता. अशा वेळी रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने या कैद्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा पक्ष धरला. पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती येऊ लागले, हजारो माणसे जमली आणि हे सैन्य घाट चढून वर येऊ लागले.

लोकांनी विश्वास का ठेवला? त्यांना भोळसट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर कारणे दिसतात. भाऊंचे प्रेत पुण्यात कोणी पाहिले नव्हते. त्यांच्या पत्नीच्या कपाळी कुंकू होते. पुण्यात अल्पवयीन पेशवा आणि कारभाऱ्यांचे राज्य होते, तेव्हा चिमाजीअप्पांचा मुलगा, उदगीरचा विजेता परत यावा असे मनापासून वाटणारे पुष्कळ होते. आणि चौथे कारण माझ्या मते सर्वांत मोठे. कोकणात आणि देशावर क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याचा कोणी ना कोणी पानिपतावर राहिला नव्हता. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही माणूस येऊ शकतो. तोतयाच्या मागे गेलेल्या गर्दीत अशी वाट पाहणारी घरे किती होती, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

दोन परतलेले माणसे

तोतयाचा बंदोबस्त करण्यात दोन नावे पुढे दिसतात, पुण्यातून सूत्रे हलवणारे नाना फडणवीस आणि सैन्य घेऊन उतरलेले महादजी शिंदे. योगायोग असा की दोघेही पानिपताहून जिवंत परतलेले होते. नाना त्या वेळी अठरा वर्षांचे होते. अंगावरचे चांगले कपडे टाकून, वेष पालटून, उपाशीतापाशी ते कसे निसटले हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांची आई त्या धामधुमीत गेली. महादजी पायाला जबर जखम होऊन पडले होते, राणेखानाने त्यांना वाचवले, आणि ते अधूपण त्यांच्या अंगी जन्मभर राहिले. दोघांनी भाऊंना जवळून पाहिले होते. या दोघांपैकी कोणीही काही महिने उशिरा परतला असता, तर त्यालाही दारात ओळख पटवावी लागली असती.

तोतयाचा पराभव झाला. तो कुलाब्याकडे पळाला. तेथे रघूजी आंग्र्यांनी त्याला धरले आणि पुण्यास पाठवले. भाऊंना ओळखणाऱ्यांसमोर उभे करून त्याची पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्याला सामील झालेल्यांनाही शिक्षा झाल्या. पार्वतीबाई त्यानंतरही सात वर्षे जगल्या. १७८३ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांच्याबरोबर भाऊसाहेबांचीही उत्तरक्रिया करण्यात आली. पानिपतावरचा एक बेपत्ता माणूस राज्याच्या आणि घराच्या, दोन्ही दप्तरांत मृत म्हणून नोंदला जायला अशी बावीस वर्षे लागली.

दिल्लीत किंवा हरियाणात राहणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पानिपतचे काला अंब स्मारक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. रोहतक जिल्ह्यातील सांघी गावी मात्र अशी लोकश्रद्धा आहे की भाऊ रणांगणातून जखमी होऊन निसटले आणि नाथपंथी साधू होऊन तेथे राहिले. इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही. परंतु हरियाणातल्या गावालासुद्धा भाऊंना परत न पाठवता आपल्यापाशी ठेवून घ्यावेसे वाटले, हे मला अर्थपूर्ण वाटते.

खरे भाऊ आले असते तर?

पुण्याच्या दरबाराने दिलेला निर्णय बरोबर होता याविषयी इतिहासकारांत फारसा वाद नाही. तरीही प्रशासकाने स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा. १७७६ साली रत्नागिरीला तोतयाऐवजी खरे भाऊसाहेब उभे राहिले असते, पंधरा वर्षांच्या कैदेने आणि आजाराने झिजलेले, सेहेचाळिशीतच म्हातारे दिसणारे, तर त्यांनी काय सिद्ध करायचे होते? आठवणी सांगाव्यात तर त्या शिकवून घेतल्या असे म्हणता येते. खुणा दाखवाव्यात तर त्या कोरून घेतल्या असे म्हणता येते. चेहरा तर बदललेलाच. खोट्याला बाहेर ठेवण्यासाठी जी चाळणी लावायची, तीच खऱ्यालाही पार करावी लागते. आणि तोतया जसा तयारी करून येतो तसा खरा माणूस येत नाही.

हा केवळ तर्क नाही. फ्रान्समध्ये दोनशे वर्षांपूर्वीच ते घडलेले होते. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आर्तिगा गावचा मार्टिन गेर १५४८ साली घर सोडून गेला. आठ वर्षांनी त्याच्या नावाने एक माणूस आला. पत्नीने, चारही बहिणींनी, गावाने त्याला स्वीकारले. पुढे मालमत्तेवरून चुलत्याशी भांडण झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. सुमारे दीडशे साक्षी झाल्या. पंचेचाळीस जण म्हणाले हा तो नव्हे, तीस-चाळीस म्हणाले हाच तो, आणि साठांहून अधिक जणांनी सांगता येत नाही असे सांगितले. चांभाराची साक्ष अशी की मार्टिनचा पाय बाराच्या मापाचा होता, याचा नवाचा आहे. तूलूझच्या वरिष्ठ न्यायालयात तो जवळजवळ सुटत आला होता. इतक्यात १५६० च्या उन्हाळ्यात एक लाकडी पायाचा माणूस न्यायालयात येऊन उभा राहिला. तो खरा मार्टिन. स्पेनच्या सैन्यातून १५५७ च्या सँ-कांतँच्या लढाईत तो लढला होता आणि तेथेच त्याचा पाय गेला होता.

न्यायाधीश झाँ द कोरास यांनी या खटल्यावर १५६१ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातला एक तपशील विसरता येत नाही. घरातल्या जुन्या गोष्टी विचारल्या तेव्हा खऱ्या मार्टिनपेक्षा तोतयालाच त्या अधिक नेमक्या आठवत होत्या. खरा मार्टिन ओळखला गेला तो नातलगांनी त्याला प्रत्यक्ष पाहिल्यावर. त्यानंतरही कुटुंब सोडून गेल्याबद्दल आणि शत्रूच्या बाजूने लढल्याबद्दल त्याच्यावर खटला भरावा का, याचा न्यायालयाला विचार करावा लागला. अखेर तो भरला नाही. १६ सप्टेंबर १५६० रोजी तोतयाला मार्टिनच्या घरासमोर फाशी दिले गेले.

पुनर्जन्माचा विधी

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या प्रसंगाचा विचार केलेला होता, हे वाचून मला आश्चर्य वाटले होते. दीर्घकाळ वार्ता नसलेल्या माणसाची, सामान्यतः बारा वर्षांनी, दर्भाची किंवा पळसाची प्रतिमा करून उत्तरक्रिया करावी असा विधी आहे. आणि तो नंतर जिवंत परत आला तर? भारतरत्न म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात याची माहिती दिली आहे. त्याला तुपाच्या भांड्यात बुडवून काढावे, स्नान घालावे, जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करावेत, आणि त्याने पूर्वीच्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. ग्रीक लेखक प्लुटार्कनेही असेच नोंदवले आहे. मृत समजून क्रिया झालेला माणूस परतला की ग्रीक लोक त्याला अपवित्र मानून दूर ठेवत. मग त्याला नवजात बालकासारखे न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून, स्तनपान देण्याचा विधी सुरू झाला. रोमन लोक तर अशा माणसाला दारातून आत घेत नसत, त्याला छपरावरून घरात उतरावे लागे.

यामागची दृष्टी व्यवहारी आहे. समाजाने ज्याला एकदा मृत म्हटले, त्याला आपली चूक झाली असे म्हणणे समाजाला जड जाते. म्हणून तो माणूस पुन्हा जन्माला आला असे मानायचे. संशयाच्या दारातून आत येण्यासाठी एक निश्चित, सर्वांना ठाऊक असलेली, अपमान न करणारी पायरी तयार करायची.

आजचा कायदा आणि आजचे दार

आधुनिक कायद्याने वाट पाहण्याचा काळ बारा वर्षांवरून सातवर आणला. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १०८ आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम १११, दोन्हींचा आशय एकच. ज्यांना स्वाभाविकपणे वार्ता मिळाली असती अशांना सात वर्षे काही कळले नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सात वर्षे वार्ता नसणे हे घटस्फोटाचे कारण आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा ठावठिकाणा चार वर्षे न लागणे हे कारण आहे. बेपत्ता कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन देताना हमीपत्र घेतले जाते. तो परत आला तर दिलेल्या रकमेचा हिशेब करता यावा म्हणून. एका परीने हे योग्यच. पण विचार करा, ज्याची वाट पाहायची त्याच्या परतण्याचीच कुटुंबाला किंमत मोजावी लागेल, असे तो कागद सांगत असतो.

कारगिलच्या १९९९ च्या संघर्षात बेपत्ता झालेला उत्तर भारतातील एक जवान २००४ मध्ये पाकिस्तानातून सुटून परत आला. मधल्या काळात तो पळून गेला असा ठपका त्याच्यावर आलेला होता. पत्नीने दुसरा विवाह केलेला होता. तिने कोणाकडे राहावे याचा निवाडा वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर झाला. त्या काळात वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना हे आठवत असेल. त्यात चूक कोणाची, यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. चौकशीची, समुपदेशनाची, शांतपणे घरी येण्याची वाट कोणी आखलीच नव्हती, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. आणि ज्यांचे काहीच कळले नाही असे १९७१ च्या युद्धातले चोपन्न सैनिकही आहेत. ते पाकिस्तानच्या कैदेत असावेत असे शासन मानत आले. त्यांच्या घरांत चौथा रकाना अजून रिकामाच आहे.

युद्धावर न जाताही माणूस कागदावर मरू शकतो. आझमगढचे लाल बिहारी १९७५ ते १९९४ अशी एकोणीस वर्षे महसूल दप्तरात मृत होते, आणि आपण जिवंत आहोत हे मान्य करवून घेण्यासाठी त्यांनी आपल्या नावापुढे 'मृतक' लावून चळवळ केली. नोंद चुकीची करायला एक सही पुरली. ती दुरुस्त करायला एका माणसाची तरुणाई गेली.

या सगळ्यातून प्रशासनासाठी मी तीन गोष्टी काढतो. पहिली, मृत मानण्याचा निर्णय व्यवहारासाठी घेतलेला असतो, तो सत्य म्हणून डोक्यात पक्का होऊ देऊ नये. ज्या नियमात मृत ठरवण्याची रीत लिहिली आहे, त्याच नियमात परतलेल्याला पुन्हा जिवंत ठरवण्याची रीत, मुदत आणि जबाबदार अधिकारी लिहिलेला असावा. दुसरी, संशय घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे, पण तो लवकर, उघडपणे आणि एकदाच फिटला पाहिजे. रत्नागिरीच्या किल्ल्यात बंद करून ठेवलेला संशय अकरा वर्षांनी सैन्य घेऊन बाहेर पडला. तिसरी, चौकशी चालू असेपर्यंत आलेल्या माणसाला आरोपीसारखे वागवू नये. तो तोतया निघाला तर शिक्षा देता येईल. तो खरा निघाला, तर मधल्या दिवसांतल्या वागणुकीची भरपाई कोणत्याही आदेशाने होत नाही.

नाना फडणवीसांचे कारभारी म्हणून कौतुक करताना आपण त्यांच्या सावधपणाचा उल्लेख करतो. ती सावधगिरी नसती तर १७७६ मध्ये राज्य कदाचित एका भलत्याच माणसाच्या हाती गेले असते. त्याच राज्याने एका स्त्रीला बावीस वर्षे कुंकू लावू दिले, हेही विसरू नये. खोट्याला अडवणारी नजर आणि खऱ्याची वाट पाहणारी ओसरी, दोन्ही एकाच वाड्यात होत्या. आपल्या कचेऱ्यांमध्ये पहिली बऱ्यापैकी आहे. दुसरीसाठी थोडी जागा करावी लागेल.